हेवी लायसन्ससाठी ड्रायव्हिंग स्कूल निवडताना नेमकं काय बघायचं?

चाकणची_शिफ्ट

नमस्कार मंडळी. वय ३४, कंपनीत मशीन ऑपरेटर, कारचं लायसन्स आठ वर्षांपासून आहे. आता ट्रक लाइनला यायचं पक्कं केलंय. दोन ठिकाणी चौकशी केली.

पहिली शाळा घराजवळ. पंधरा दिवस, रोज अर्धा तास, "लायसन्स हातात देईपर्यंत सगळं आमच्याकडे लागलं". दुसरं केंद्र लांब आहे. सहा आठवडे, स्वतःचं मैदान, सिम्युलेटर आणि फी जवळजवळ अडीचपट. कंपनीत सेकंड शिफ्ट असल्याने सकाळी मोकळा असतो. जास्तीचे पैसे खरंच शिकण्याचे आहेत का? शाळेत जाऊन काय विचारू, काय बघू?

घाटमाथा

आधी हिशोब करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३१ वा नियम आहे. हेवीसाठी प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तास. पंधरा दिवस रोज अर्धा तास म्हणजे साडेसात तास झाले. तुमची पहिली शाळा नियमाच्या निम्म्यावरच थांबते आणि तरीही तुम्हाला फॉर्म ५ चं, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट देणार, म्हणजे कागदावर उरलेले तास खोटे लिहिणार. ट्रान्सपोर्ट वर्गासाठी, म्हणजे धंद्याच्या गाड्यांसाठी, हे सर्टिफिकेट सक्तीचं आहे, त्यामुळेच त्याचा असा बाजार होतो.

शाळेत गेलात की दोन गोष्टी मागा. एक, फॉर्म ११ मधलं शाळेचं लायसन्स. ते दर्शनी भागात लावलेलंच असायला हवं. त्याची मुदत बघा आणि हेवीचा वर्ग त्यात आहे का तेही बघा. बऱ्याच शाळांकडे फक्त कारची परवानगी असते आणि हेवीची मुलं त्या दुसरीकडे पाठवतात. मग शिकवणारा कोण, गाडी कुणाची, काही झालं तर जबाबदार कोण, सगळंच अधांतरी.

दोन, फॉर्म १५ चं रजिस्टर. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची तारीख, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, गाडीचा वर्ग, शिकवणाऱ्याची सही आणि विद्यार्थ्याची सही असते. पानं उलटून बघा. एकाच पेनाने, एकाच हाताने महिनाभराच्या सह्या एका दमात केलेल्या दिसल्या तर काही न बोलता उठून या. खऱ्या रजिस्टरमध्ये खाडे असतात, शाई बदलते, एखाद्या दिवशी वेळ पुढेमागे होते.

तुमच्या दुसऱ्या केंद्राबद्दल: सहा आठवडे म्हणतायत म्हणजे ते २०२१ च्या नियमांखालचं मान्यताप्राप्त केंद्र असावं. त्यात हेवीचा कोर्स सहा आठवडे, ३८ तासांचा असतो आणि केंद्राकडे दोन एकर जागा लागते. तिथली परीक्षा पास झालात की फॉर्म ५-बी मिळतो आणि आरटीओत पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. मान्यता पाच वर्षांचीच असते, त्यामुळे मान्यतापत्रावरची तारीख वाचा. 'मान्यताप्राप्त' हा शब्द बोर्डावर कुणीही रंगवतो.

लायनर_आणि_ड्रम

घाटमाथा यांनी कागद सांगितले, मी गाडीचं सांगतो. शाळा ओळखायची तिच्या ट्रकवरून.

केबिनमध्ये चढा. डाव्या बाजूला शिकवणाऱ्याच्या पायाशी क्लच-ब्रेकचे जादा पेडल आहेत का? दुहेरी कंट्रोल नियमानेच लागतो. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, म्हणून आता इंजिन चालू करायला सांगा आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यांकडे बघा. हवा चढत चढत आठ बारच्या आसपास गेली की खालून 'फस्स' आवाज येऊन जादा हवा सुटली पाहिजे. मग इंजिन बंद, चावी ऑन, आणि ब्रेक पेडल दाबत-सोडत राहा. काटे उतरतात आणि साधारण पाच बारच्या आसपास बझर वाजला पाहिजे. वाजला नाही, किंवा शिकवणारा म्हणाला "त्याची वायर काढलीय, फार कटकट करतो", तर ती शाळा तुम्हाला ब्रेक शिकवू शकत नाही. आता हवेच्या टाकीखालची रिंग ओढायला सांगा. थोडा ओलावा ठीक, पण भसाभसा पाणी आलं तर हवा कोरडी करणारा ड्रायर गेलाय आणि गाडीकडे कुणाचं लक्ष नाही.

हा हट्ट कशासाठी? कारवाला घाटात उतरताना पाय ब्रेकवर ठेवतो आणि ते चालून जातं. ट्रकला तसं केलं तर दोन गोष्टी एकदम होतात. चाकातले ब्रेकचे ड्रम तापून त्यांना घासणारे लायनर पकड सोडतात, आणि पाय सारखा दाबून-सोडून हवा भरण्यापेक्षा जास्त वेगाने संपते. म्हणून घाट चढायला जो गिअर लागला असता त्यातच उतरायचं. गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) लावायचा आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ पण घट्ट दाबून वेग खाली आणून पूर्ण सोडायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलं की इंजिनचा ब्रेक शून्य, आणि इंजिनच बंद केलं तर वर हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार रोज बघता ना, तिथे हेच घडतं. शाळेला सरळ विचारा: "घाटात नेता का, आणि किती वेळा?" खंबाटकी किंवा कसारा किमान दोन फेऱ्या, त्यातली एक माल भरून.

माल भरून यावर अडून बसा. रिकाम्या सहाचाकीला ब्रेक मारला की मागचा भाग उडतो, चाकं जाम होतात. भरलेली गाडी उलट थांबतच नाही असं वाटतं. रिकामी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलते, भरलेली पहिल्यातच उचलावी लागते. महिनाभर फक्त रिकाम्या हौद्याची गाडी फिरवून जो बाहेर पडतो त्याला पहिल्या नोकरीच्या पहिल्या चढावर क्लच प्लेटचा जळका वास येतो. चांगली केंद्रं हौद्यात वाळूच्या गोण्या किंवा काँक्रीटचे ठोकळे टाकून ठेवतात.

मैदानावर बघायचं ते रिव्हर्स. आरसे दोन, मान बाहेर काढायची नाही, आणि अरुंद जागेत मागे लावायचं. कळत नसेल तर उतरून मागे जाऊन बघायला लावतात का तेही पाहा, ती सवय शाळेतच लागते. आणि डावं वळण. मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, घट्ट वळणावर सहाचाकीला मीटर-दीड मीटरचा फरक सहज पडतो. दुचाकीवाला नेमका त्याच फटीत घुसतो. जमिनीवर चुन्याची रेघ आणि कोपऱ्यावर टायर ठेवून हे दाखवणारा मास्तर मिळाला तर फी जास्त असली तरी द्या.

चाकणची_शिफ्ट

दोघांचेही खूप आभार. आज दुसऱ्या केंद्रात जाऊन आलो. ट्रक चांगला आहे, बझर वाजला. पण एका बॅचला चार जण, रोज एक तास, आणि ३८ पैकी बरेच तास सिम्युलेटरचे म्हणाले. ह्यात हाताला किती मिळेल? आणि अजून एक, हेवी मिळाल्यावर लगेच कुणी गाडी देतं का?

घाटमाथा

एका तासाला चौघे म्हणजे तुम्हाला पंधरा मिनिटं. ३० दिवस गेलात तरी साडेसात तास. बाकी वेळ मागे बसून बघणंही उपयोगाचं आहे, पण ते चालवण्यात धरू नका. फी भरण्याआधी पावतीवरच लिहून घ्या: "प्रत्यक्ष ट्रकवर स्टिअरिंगवर इतके तास." लिहून द्यायला का-कू करत असतील तर उत्तर मिळालं. सिम्युलेटर गिअरचा क्रम आणि धुक्या-पावसाचा अंदाज यायला बरा. क्लच कुठे धरतो ते तो सांगत नाही, आणि भरलेल्या गाडीचा रेटा तर अजिबात नाही.

रात्रीचा एक तास मागा. सकाळच्या बॅचवाल्यांना समोरच्या हेडलाइटचा अंदाजच आलेला नसतो.

फाळका_उघडा

नोकरीच्या बाजूने सांगतो. नव्या हेवीवाल्याला पहिल्याच दिवशी बाराचाकी कुणी देत नाही. ट्रान्सपोर्टवाला ट्रायल घेतो, मग जुन्या ड्रायव्हरबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून पाठवतो. ते महिने पगार कमी असतो, त्यामुळे घरखर्चाची सोय आधी करून ठेवा.

पण तुमच्याकडे एक वाट आजच उघडी आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलंय की एलएमव्ही (हलक्या गाडीच्या, म्हणजे कारच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ४०७ कारच्या लायसन्सवर चालतात. मात्र वजन आरसीवर वाचा, तोंडी ऐकू नका. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या माणसाकडे अशी गाडी चालवा. ताडपत्री बांधणं, रस्सा आवळणं, बिल्टी (मालाची पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) तपासणं, धक्क्याला गाडी लावणं, ह्या गोष्टी शाळेत कुणी शिकवत नाही आणि मालक मात्र पहिल्या दिवशी त्याच बघतो. ई-वे बिल २०० किलोमीटरला एक दिवस चालतं. गाडी बंद पडून मुदत संपत आली तर वाढवून घ्यायला वेळेवर फोन करायचा, एवढं ज्याला कळतं त्याला मालक सोडत नाही.

ह्या कामात पंधरा दिवस घालवल्यावर लाइन आपली आहे की नाही तेही कळेल. तोपर्यंत कंपनीचा राजीनामा देऊ नका. सेकंड शिफ्ट सांभाळून सकाळचा कोर्स होतो, फक्त झोप सहा तासांच्या खाली जाऊ देऊ नका. झोपेच्या गुंगीत शिकलेला रिव्हर्स हातात बसत नाही.

आणि चाकणला असल्याने कार वाहून नेणारे लांब ट्रेलर खुणावतील. ते पुढचं पाऊल. ट्रेलरला रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उलटं चालतं, ते वेगळं शिकायचं. सहाचाकीवर आरसे पक्के झाल्याशिवाय तिकडे वळू नका.

लायनर_आणि_ड्रम

शिकताना बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची गाडी मिळते का तेही विचारा. जुन्या गाडीवर हात बसेल, पण आता नोकरीत युरियाची टाकी आणि धुराचा फिल्टर असलेली गाडी मिळणार. युरिया संपला किंवा त्यात साधं पाणी ओतलं की गाडीची ताकद आपोआप कमी होते. युरियाच्या निळ्या झाकणाच्या टाकीत चुकून डिझेल पडलं तर गाडी चालूच करायची नाही. टाकी आणि नळ्या धुवाव्या लागतात. डॅशबोर्डवर फिल्टर साफ करायचा दिवा लागला की जागा बघून गाडी उभी करून ती प्रक्रिया पूर्ण होऊ द्यायची. घाईत पुन्हा पुन्हा मध्येच तोडली की फिल्टर चोंदतो.

घाटमाथा

राहिलेले कागद. ट्रान्सपोर्टसाठी वय २० पूर्ण आणि एलएमव्ही किमान एक वर्ष जुनं हवं, ते तुमचं आहे. आठवी पासची अट २०१९ ला गेली. डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. त्यात २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का आणि रंग ओळखण्याची गंभीर अडचण नाही ना हे असतं. रंगाची अडचण असेल तर फी भरण्याआधी कळलेली बरी, म्हणून डोळे आधी दाखवा, शाळा नंतर.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर. केंद्रीय नियमांतली सरकारी फी शिकाऊला १५० रुपये, टेस्टला ३००, नवा वर्ग जोडायला ५००. "लायसन्ससकट" पॅकेजमध्ये आरटीओच्या नावाखाली काही हजार लावले असतील तर हे आकडे समोर ठेवून प्रत्येक रुपयाची पावती मागा. कार्ड आलं की 'ट्रान्स' हा वर्ग छापलाय का ते तिथल्या तिथे बघा. त्याची मुदत पाच वर्षं. पुढे गॅस-केमिकलचे टँकर चालवायचे असतील तर घातक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

चाकणची_शिफ्ट

डोळ्यांची तपासणी उद्या सकाळी ठरवली. केंद्रात फोन केला होता, स्टिअरिंगचे तास पावतीवर लिहून द्यायला तयार आहेत, पण माल भरून घाटफेरी एकच म्हणतात. दुसरीचे पैसे वेगळे द्यायची तयारी दाखवू का?

लायनर_आणि_ड्रम

दाखवा. आणि ती फेरी पावसाच्या दिवशी मागा.