पायमोल खिडकी न उघडता चालवायचंय

प्रश्न: सर्व्हरवर एसएसएचने (दुरून, फक्त आज्ञा टाइप करून) शिरून पायमोल या रेणूंची चित्रं काढणाऱ्या प्रोग्राममधून ढीगभर पीडीबी फायलींची (रेणूंची रचना असलेल्या) चित्रं काढायची आहेत. तिथे डिस्प्ले नाही, त्यामुळे सुरू होतानाच अडतं. सुरुवातीला कुठले ऑप्शन द्यावेत?

उत्तर १: डॅश सी द्या, खिडकी उघडतच नाही. सोबत क्यू जोडलात की स्वागताची बडबडही बंद. मी नेहमी डॅश सीक्यू असं एकत्रच लिहितो. पुढे आधी फाइल, मग स्क्रिप्ट. क्रम उलटा केलात तर स्क्रिप्ट रिकाम्या पडद्यावरच धावते! स्क्रिप्टला स्वतःचं काही सांगायचं असेल तर आधी दोन डॅश टाका. त्यानंतरचं सगळं पायमोल सोडून देतं आणि ते स्क्रिप्टला सिस डॉट आर्गव्हीत (पायथनच्या यादीत) मिळतं. आणि हो, चित्र काढताना पीएनजीच्या आज्ञेत रे=१ लिहाच. खिडकी नाही म्हणजे ओपनजीएल (पडद्यावर झटपट चित्र रंगवणारी सोय) नाही, रे ट्रेसिंगवरच (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढण्यावर) भागवावं लागतं.

उत्तर २: वरच्या दादांच्या यादीत डॅश के घाला. घरच्या फोल्डरातली पायमोलआरसी फाइल (प्रत्येकाच्या स्वतःच्या सेटिंग्जची) मग वाचलीच जात नाही. नाहीतर कोणाची पार्श्वभूमी काळी, कोणाची पांढरी.

प्रश्नकर्ता: सीक्यूके लावून चाललं, आभार! व्हीएमडी या रेणू दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्येही असंच असतं का?

उत्तर १: तिथे डॅश डिस्पडेव्ह टेक्स्ट, आणि टीसीएल (व्हीएमडीची स्क्रिप्ट भाषा) स्क्रिप्टसाठी डॅश ई. स्क्रिप्टच्या शेवटी क्विट लिहा, नाहीतर ते प्रॉम्प्टवर निवांत बसून राहतं.