हिरव्या त्रिकोणाच्या औषधानं शेततळ्यातले मासे मरतात का?

निफाडकर_बागायतदार
राम राम मंडळी. द्राक्षबागेत डाऊनी रोगावर फवारणी चालू आहे. परवा गड्यानं ब्लोअरची टाकी शेततळ्याच्या काठावरच धुतली आणि ते पाणी तळ्यात उतरलं. दुपारी चारला पाहतो तर मासे उलटे तरंगतायत. औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे सगळ्यात कमी विषारी ना? दुकानदार म्हणतो, ऑक्सिजन कमी पडला असेल.

परीक्षानळी
दादा, आधी सांगा, लहान मेले की मोठे? सकाळी कसे होते?

निफाडकर_बागायतदार
बोटुकली, म्हणजे बोटभर पिलं, जवळपास सगळी गेली. मागल्या वर्षीचे आठ-दहा कटले अजून फिरतायत. सकाळी सातला खाद्य टाकलं तेव्हा सगळे वर आले होते.

परीक्षानळी
मग ऑक्सिजनचं नाव घेऊ नका. तो पहाटे कमी होतो, आणि त्यात आधी मोठे मासे जातात. विषात बहुधा उलटं होतं.

त्रिकोणाचं म्हणाल तर तो उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतो. वजनाच्या किलोमागे ५००० मिलिग्रॅमहून जास्त दिल्यावर निम्मे उंदीर मरत असतील तर हिरवा. माशांचा त्यात संबंधच नाही! त्यांची चाचणी वेगळी, ९६ तासांची. डॅफ्निया म्हणजे पाणपिसूची ४८ तासांची. मी नोकरीत असताना ती पिलं मोजायचो, एक दिवसाच्या आतली. काचपात्र हळूच हलवायचं, १५ सेकंदांत पोहलं नाही की 'निश्चल' लिहायचं. डोळे जायचे त्यात. शेजारी तुलनेला साध्या पाण्याचं पात्र असायचंच. त्यातलेच दहा टक्क्यांहून जास्त गेले तर सगळी मेहनत पाण्यात.

टाकीत आणखी काय होतं?

निफाडकर_बागायतदार
खरं सांगतो, थ्रिप्ससाठी, म्हणजे फुलकिड्यांसाठी, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के हे कीटकनाशकही होतं. त्याचा त्रिकोण पिवळा.

परीक्षानळी
हे आधी सांगायचं होतंत! लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असलं तरी काही जातींचे निम्मे मासे मरतात. तुमचं तळं १० लाख लिटरचं धरा. अख्ख्या तळ्याला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या बाटलीतले २० मिली, जास्तच झाले. तळाचा गाळ यातलं बरंच धरून ठेवतो, पण तुमच्या तळ्याला प्लास्टिकच्या कागदाचं अस्तर असेल तर गाळ कुठला?

आणि प्रयोगशाळेत बहुतेक वेळा एकेक औषध तपासतात. तुमच्या टाकीतलं मिश्रण कुणी तपासलेलं नसतं.

सांगलीची_सून
आमच्याकडं टाकी धुतलेलं पाणी बांधाच्या पडीक कडेला, विहिरीपासून लांब ओततात. उरलेले कटले खाऊ नका हं.

निफाडकर_बागायतदार
नाही खात, ताई. लॅम्ब्डाची घडीपत्रिका भिंग लावून वाचली. माशांना विषारी, तळ्याजवळ वापरू नये. उवांएवढ्या अक्षरात.