पॉवर बँकेतले दहा हजार गेले कुठे?

ताई: नवीन पॉवर बँकेवर १०००० एमएएच छापलंय. माझा फोन ५००० चा. म्हणजे दोनदा पूर्ण भरायला हवा ना? दुसऱ्यांदा ४५ टक्क्यांवरच बँक रिकामी! 😡

दादा: फसवलंय. परत कर.

मामा: अरे थांबा. एमएएच म्हणजे मिलीअँपिअर गुणिले तास. धारा गुणिले वेळ केलं की येतो प्रभार, ऊर्जा नाही. १०००० एमएएच म्हणजे १० अँपिअर तासभर. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून ३६००० कूलोम.

ताई: बरं, मग ऊर्जा?

मामा: प्रभाराला व्होल्टेजने गुणायचं. आतला सेल साधारण ३.७ व्होल्टचा. ३६००० × ३.७ = १,३३,२०० ज्यूल, म्हणजेच ३७ वॉट-तास. पण यूएसबीतून वीज बाहेर पडते ५ व्होल्टने. ३७ भागिले ५, उरले ७४०० एमएएच. झालं!

मी: मामा, एक शंका. फोनची बॅटरीपण ३.७ चीच ना? मग फोन ५ चे परत ३.७ करणार. ७४०० चे पुन्हा १०००० व्हायला हवेत.

दादा: 😂😂 मामा क्लीन बोल्ड

मामा: …बरोबर आहे तुझं. व्होल्टेज चढलं-उतरलं म्हणून ऊर्जा कमी होत नाही. जाते ती उष्णतेत. बँक आणि फोन दोन्ही कोमट लागतात ना, ती हीच. समज, दोन्हीकडे १५-१५ टक्के गेली. ३७ चे राहिले २६.७. फोनला एकदा भरायला लागतात १८.५. भागून बघ.

मी: १.४४! एकदा पूर्ण आणि वर ४४ टक्के.

ताई: अगं बाई, माझा आकडा जवळजवळ तोच. परत नाही करत मग.

मामा: आणि चार्ज करताना रील्स बघत बसू नकोस, ते यात धरलेलं नाही.

मामी: अहो, बिलातलं युनिट म्हणजे किती ते पण सांगा.

मामा: १००० वॉट-तास. ३६ लाख ज्यूल. ही बँक २७ वेळा रिकामी झाली तर कुठे एक युनिट होतं.

आजी: मग मी फोन रात्रभर चार्जिंगला लावते म्हणून बिल वाढतं, असं कोण म्हणत होतं रे?

मामा: आई, तो वेगळा मुद्दा आहे.

आजी: 🙏