अनुभव धागा: ऑनलाइन तक्रार केली, पुढे काय झालं?

‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ हा मेसेज कधीच न आलेला नाशिककर दाखवा, मिसळ माझ्याकडून. अनुभव लिहा. खात्याची, साहेबांची नावं मात्र नकोत.

इंदिरानगरकर
गल्लीतला दिवा बंद. ॲपवर तक्रार टाकली, तिसऱ्या दिवशी ‘निकाली’. खांबाखाली उभं राहून मोबाइलवर तो मेसेज उघडला, तेवढाच काय तो उजेड. त्याचाच फोटो काढून एक्सवर टाकला, चार पत्रकारांना टॅग केलं. दुसऱ्या संध्याकाळी शिडीची गाडी हजर! दिवा लावून झाल्यावर वायरमन हळूच म्हणाला, "दादा, ते ट्विट तुमचंच ना? काढून टाका ना, वरून सारखे फोन येतायत." बिचाऱ्याचा घामेजलेला चेहरा बघून काढलं.

निवृत्त काका, नाशिकरोड
मी टेबलाच्या पलीकडे होतो, केंद्राच्या एका कचेरीत. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब एकच विचारायचे, पेंडिंग किती? दिवा लागला का, हे कोणी विचारत नसे. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार निकाली काढायची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये ३० दिवसांवरून २१ वर आली. तेव्हा काम लवकर झालं की नाही देव जाणे, ‘निकाली’ मात्र लवकर व्हायला लागलं. म्हणून तिथं तक्रार बंद झाली की गप्प बसू नका. ३० दिवसांत अपील करता येतं, ते वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. बहुतेक लोक करतच नाहीत.

कॉलेजरोडची
माझ्या वाट्याला घाऊक मेल. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे नेटवर सगळ्या साइटना सारखीच वागणूक मिळावी म्हणून, ट्रायला (दूरसंचार नियामकाला) मेल केला. दहा लाखांच्या आसपास मेल गेले होते. ट्रायने ते सगळे पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले! पुढे कित्येक दिवस स्पॅम उपसत होते. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाच्या डेटा दरांवर बंदी आली, तेव्हा पेढे वाटले. २०२० मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीच्या नव्या नियमांच्या मसुद्यावरही असेच मेल गेले, तर मोहीम चालवणाऱ्या पोरांची साइटच बंद. दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत थेट यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा! नंतर म्हणे चुकून लागलं. आई तेव्हापासून विचारते, "मेल केलास का गं कुठे?"

सातपूरचा
आमच्याकडे तक्रार पोचली की आधी तक्रारदाराच्याच घरी फोन येतो.

इंदिरानगरकर
काका, अपील कसं करतात तेवढं सांगा. दिवा कालपासून पुन्हा बंद आहे, आणि ट्विट तर मी काढून बसलोय.