मदत हवी आहे: हिरव्या पाठीचा हमिंगबर्ड रूफस की ॲलन्स?

कॅलिफोर्नियातील सांता क्रूझजवळ आमच्या अंगणात साखरपाण्याचा फीडर टांगलेला आहे. त्यावर वर्षभर ॲनाज हमिंगबर्ड येतात आणि ते ओळखता येतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तांबूस कुशीचा आणि केशरी-लाल चमकत्या गळ्याचा एक नर रोज येत आहे. रूफस आणि ॲलन्स या दिसायला सारख्या दोन हमिंगबर्ड प्रजातींपैकी तो कोणता, याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

त्याची पाठ जवळजवळ पूर्ण हिरवी आहे. पाठ पूर्ण तांबूस असती तर त्याला रूफस म्हणून मी निर्धास्त झालो असतो. पण हिरवी पाठ म्हणजे ॲलन्सच, असे उलट बाजूने म्हणता येत नाही, कारण रूफसच्या काही प्रौढ नरांची पाठही हिरवी असते. त्यात हंगामही मदतीला येत नाही. ॲलन्सचे नर मेक्सिकोतून जानेवारी-फेब्रुवारीतच या किनाऱ्यावर विणीसाठी पोहोचतात आणि उत्तरेकडे, काही तर थेट अलास्कापर्यंत, निघालेले रूफस याच आठवड्यांत इथून जातात.

उरते ती शेपटी. तिच्यात पिसांच्या पाच जोड्या असतात. मधल्या जोडीच्या लगतच्या पिसाला टोकाजवळ स्पष्ट खाच असेल तर प्रौढ नर रूफस, आणि खाच नसून सर्वांत बाहेरचे पीस अगदी अरुंद असेल तर ॲलन्स, असे मी समजतो. पंख झाडताना शेपटी पूर्ण पसरली त्या क्षणाची दोन छायाचित्रे मिळाली आहेत. त्यांत बाहेरचे पीस सुईसारखे बारीक दिसते, परंतु मधल्या जोडीलगतच्या पिसावर सावली पडल्याने खाच आहे की नाही हे ठरवता येत नाही. केवळ बाहेरच्या पिसाच्या रुंदीवरून निर्णय घेणे योग्य ठरेल का?

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. काल सकाळी हाच नर एका झुडपासमोर लंबकासारखा मागेपुढे झुलत होता आणि मग उंच जाऊन त्याने वेगाने खाली सूर मारला. हे झुलणे मला ॲलन्सचे लक्षण वाटते, मात्र ते मी एकदाच पाहिले आहे.

त्याच्यासोबत दिसणारी मादी मी ‘रूफस किंवा ॲलन्स’ अशीच नोंदवणार आहे. पक्षी हातात घेऊन पिसे मोजल्याखेरीज या माद्या वेगळ्या करणे जवळपास अशक्य असते. नराची नोंदही तशीच ठेवावी, की वरील लक्षणांवर ‘ॲलन्स’ लिहिणे पुरेसे आहे?