नास्तिक, निरीश्वरवादी, अश्रद्ध, पाखंडी : हे शब्द समानार्थी आहेत का?

प्रश्न

एका स्मरणिकेसाठी आलेल्या लेखाचे संपादन सध्या माझ्याकडे आहे. श्रद्धावंत आणि देव न मानणारे यांच्यातील वाद आणि त्या वादात पाळायची सहिष्णुता असा लेखाचा विषय आहे. पुनरुक्ती टाळण्यासाठी असावे, पण लेखकाने दुसऱ्या गटाला कुठे ‘नास्तिक’, कुठे ‘निरीश्वरवादी’, कुठे ‘अश्रद्ध’ आणि एके ठिकाणी चक्क ‘पाखंडी’ म्हटले आहे. हे शब्द असे एकमेकांच्या जागी चालतील का? शिवाय या दोन गटांनी परस्परांशी कसे वागावे हे सांगताना लेखकाने शेवटी ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द योजला आहे. तो मला खटकतो आहे, पण का खटकतो हे नेमके सांगता येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

नाही, चालणार नाहीत. त्यांतला ‘पाखंडी’ तर मुळीच नाही, पण त्याकडे नंतर येतो.

‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हे दोन्ही शब्द पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ या सूत्राने सिद्ध होतात. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक आणि ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्रात सांगितलेले नाही. काशिकावृत्ती या पाणिनीच्या सूत्रांवरील जुन्या टीकाग्रंथाने तेथे ‘परलोक’ घातला. परलोक आहे असे मानणारा आस्तिक, तो नाकारणारा नास्तिक. म्हणजे या जोडीत देवाचा संबंध प्रारंभी नव्हताच. पुढे मनुस्मृतीने ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असे म्हणून कसोटीच बदलली आणि अशा माणसाला साधूंनी बहिष्कृत करावे असेही त्याच श्लोकात सांगून टाकले. वेद प्रमाण मानतो की नाही, या कसोटीमुळे दर्शनांच्या, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, वर्गवारीत जी गंमत झाली, ती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते: जगाचा कर्ता असा ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक वेद मानतात म्हणून आस्तिक ठरले, आणि कर्मफल, पुनर्जन्म, परलोक असे सारे मानणारे जैन व बौद्ध मात्र नास्तिक ठरले. त्यातही विशेष असे की, बौद्धांच्या पाली ग्रंथांत ‘नत्थिकवाद’ हा दोष म्हणूनच येतो आणि तो परलोक नाकारणाऱ्या अजित केशकंबलीसारख्यांच्या मताला लावलेला आहे. ज्यांना एकाने नास्तिक म्हटले, त्यांनी तोच शब्द तिसऱ्याकडे सरकवला.

आजच्या मराठीत ‘नास्तिक’ म्हणजे देवाचे अस्तित्व न मानणारा, हा अर्थ पक्का झाला आहे आणि तो चुकीचा ठरवण्याचे कारण नाही. शब्द वापराने अर्थ कमावतात. मात्र लेखात जुन्या दर्शनांचा उल्लेख असेल, तर तेथे हा आधुनिक अर्थ नकळत शिरू देऊ नये. ‘निरीश्वर’ हा त्या मानाने स्वच्छ शब्द आहे. ‘सेश्वर’ (ईश्वर मानणारे) सांख्य आणि ‘निरीश्वर’ (न मानणारे) सांख्य असा भेद आपल्या परंपरेने केला, तो वर्णन म्हणून केला, शिवी म्हणून नव्हे.

आता ‘पाखंडी’. या शब्दाचा प्रवास मला या साऱ्यांत सर्वांत बोलका वाटतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अशोकाने जे लेख कोरविले, त्यांपैकी गिरनारच्या बाराव्या लेखात ‘सव पासंडानि’, म्हणजे सर्व पंथांचा, राजा सन्मान करतो, असे म्हटले आहे. तेथे ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ. आपलाही पासंड आणि दुसऱ्याचाही पासंड. निष्कारण स्वतःच्या पंथाची स्तुती आणि परक्याच्या पंथाची निंदा करू नये, वाणीवर ताबा ठेवावा, असे सांगून अशोक ‘समवायो एव साधु’ म्हणतो, म्हणजे एकत्र येणेच चांगले. पुढे मनुस्मृतीत याच ‘पाषंडीं’चा शब्दानेसुद्धा सत्कार करू नये, अशी आज्ञा येते, आणि त्यांच्याच रांगेत ‘हैतुक’, म्हणजे तर्काने वाद घालणारे, उभे केलेले दिसतात. मराठीत हा शब्द आला तो ही बदनामी सोबत घेऊनच. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेकडे ‘पाखांडाचे दरकुटे’ मोडण्याची विनवणी आहे, तेथे तो कुतर्कांच्या शेजारी बसला आहे. हिंदीच्या प्रभावामुळे अलीकडे मराठीतही ‘पाखंड’ ढोंग या अर्थाने ऐकू येतो, ती आणखी निराळी छटा. तेव्हा सहिष्णुतेवरील लेखात एका पक्षाला ‘पाखंडी’ म्हणणे म्हणजे पंचानेच एका बाजूने खेळायला उतरणे होय.

प्रतिसाद २

वरील विवेचन ग्रंथांतील शब्दांविषयी झाले. घरात आणि गावात जे बोलले जाते, त्याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. ‘नास्तिक’ हा शब्द आपल्याकडे घरगुती बोलण्यात तसा कमीच येतो. आपण म्हणतो, ‘तो देव मानत नाही’ किंवा ‘त्यांच्याकडे देवाधर्माचे काही करत नाहीत’. यातले ‘मानणे’ हे क्रियापद दुहेरी आहे. ‘पृथ्वी गोल आहे असे मी मानतो’ यात ते समजुतीचे आहे, तर ‘मी गुरुजींना फार मानतो’ यात आदराचे. ‘देव मानत नाही’ असे म्हणणाऱ्याला बहुधा पहिला अर्थ अभिप्रेत असतो आणि ऐकणाऱ्या आजीला दुसरा ऐकू येतो. गौरी-गणपतीत जो मुलगा आरतीला उभा राहतो, टाळ वाजवतो, प्रसादही घेतो, पण हात जोडत नाही, त्याच्यावरून घरात जे वाजते ते पुष्कळदा ईश्वराच्या अस्तित्वावरून नसते. त्याने वडीलधाऱ्यांचा मान राखला नाही, अशी समजूत झालेली असते. हात जोडण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. शाळेच्या प्रार्थनेत हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाची वरची वेतनश्रेणी अडली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला तो त्या शिक्षकाच्या बाजूने.

दुसऱ्या बाजूचे शब्दही तपासायला हवेत, कारण श्रद्धावंतांसाठी न मानणाऱ्यांनी वापरलेली शेलकी विशेषणे काही कमी नाहीत. ‘भाविक’, ‘श्रद्धाळू’, ‘सश्रद्ध’ हे शब्द त्या माणसाला स्वतःसाठी चालतात. ‘देवभोळा’ चालत नाही, कारण त्यात भोळेपणाचा शिक्का आहे. ‘अंधश्रद्ध’ तर कोणीच स्वतःला म्हणवून घेत नाही. तो शब्द नेहमी दुसऱ्याचाच असतो, आणि माझी ती श्रद्धा नि तुझी ती अंधश्रद्धा, ही तक्रार त्यातूनच येते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि आपला विरोध देवाधर्माला नसून शोषणाला आहे, ही भूमिका ते सातत्याने मांडत राहिले. तरीही ज्या कायद्यासाठी ते झटत होते, त्याच्यावरील वादाचा मोठा भाग याच एका शब्दाभोवती फिरत राहिला. आधीच्या मसुद्याच्या नावात ‘अंधश्रद्धा निर्मूलन’ होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला, त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, अंधश्रद्धा नाही. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असेही त्यात नावानिशी नमूद करावे लागले. माझ्या मते हा बदल शहाणपणाचा होता, कारण कायद्याला कृत्य पकडता येते, श्रद्धेची प्रत ठरवता येत नाही.

प्रतिसाद ३

‘सर्वधर्मसमभाव’ का खटकतो, याचे उत्तर त्या शब्दाच्या जन्मकथेत आहे आणि ती कथा पुण्याची आहे. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर पत्रे लिहीत होते. इतर धर्मांविषयीच्या वृत्तीसाठी ‘सहिष्णुता’ हा शब्द त्यांना आवडत नव्हता आणि काकासाहेब कालेलकरांनाही तो रुचला नव्हता. काकासाहेबांनी ‘सर्वधर्मआदर’ सुचवला, पण गांधीजींना तोही पटेना. सहन करण्यात दुसऱ्याच्या धर्मात काही उणे आहे हे गृहीत धरले जाते आणि आदरात मेहरबानीचा भाव येतो, असा त्यांचा आक्षेप होता. शेवटी ‘समभाव’ ठरला. शब्द उत्तमच आहे, पण त्याची रचना पाहा: समभाव कोणाकोणांत, तर सर्व धर्मांत. ज्याने धर्मच बाजूला ठेवला आहे, त्याला या पंगतीत पाटच मांडलेला नाही. आपल्या सलोख्याच्या भाषेतले बरेचसे शब्द असे धर्माधर्मांतल्या संबंधांसाठी घडले आहेत, आणि आपला लेख निराळ्या संबंधाविषयी आहे.

त्यासाठी मराठीत ‘परमतसहिष्णुता’ हा शब्द आहे. त्यात धर्म नाही, मत आहे. देव आहे हेही मत आणि नाही हेही मत. ‘सहिष्णु’विषयी गांधीजींचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य नाही. सह् धातूला लागलेला ‘इष्णु’ हा प्रत्यय स्वभाव दाखवतो. जसा वृध् पासून ‘वर्धिष्णु’. नाइलाजाने सोसणारा तो सहिष्णु नव्हे, झेपवण्याची प्रकृतीच असलेला तो सहिष्णु. ‘खपवून घेणे’, ‘चालवून घेणे’ यांत जो वरचढपणा आहे, तो या शब्दात मुळात नाही. वापराने थोडा चिकटला असेल.

गांधीजींचे स्वतःचे वागणे त्यांच्या शब्दाहून पुढे गेलेले होते, हेही सांगायला हवे. आंध्रातले कडवे निरीश्वरवादी ‘गोरा’, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, त्यांच्याकडे सेवाग्रामला येऊन वाद घालत असत. गोरांच्या मुलीचा जातिभेद मोडणारा विवाह वर्ध्याजवळच्या याच आश्रमात करण्याचे ठरले, तेव्हा विधीतील ‘ईश्वराच्या’ जागी ‘सत्याच्या’ नावाने म्हणावे, अशी तोड गांधीजींनीच सुचवली होती. विवाह झाला तो त्यांच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये.

अशीच तोड राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. मंत्र्यांचा शपथविधी आपण ऐकतो त्यात ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ याला ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’ असा पर्याय दिलेला आहे. ‘दृढकथन’ हा शब्द कोणाला कार्यालयीन आणि रुक्ष वाटेल, पण त्याच्यामागे इंग्लंडात झालेले एक मोठे भांडण आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आला, पण तो नास्तिक असल्यामुळे त्याचे दृढकथनही मानले गेले नाही आणि त्याला शपथही घेऊ दिली नाही. मतदारांनी त्याला पुनःपुन्हा निवडून दिले, तरी सभागृहात बसायला त्याला १८८६ उजाडले. दृढकथनाला सरसकट मान्यता देणारा कायदा १८८८ मध्ये झाला. हाच ब्रॅडलॉ पुढच्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला पाहुणा म्हणून आला होता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ‘पाखंडी’ काढून टाकतो, ‘सर्वधर्मसमभाव’च्या जागी ‘परमतसहिष्णुता’ घालतो आणि लेखकांना तसे कळवतो. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, त्या परिच्छेदात लेखकांनी त्यांना ‘नास्तिक’ म्हटले आहे. तेथे तो शब्द ठेवावा का? आणि ‘अश्रद्ध’ राहिलाच.

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

आगरकरांसाठी ‘अज्ञेयवादी’, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही असे मानणारा, किंवा ‘बुद्धिप्रामाण्यवादी’ अधिक नेमका होईल. विरोधकांच्या तोंडचा शब्द म्हणून ‘नास्तिक’ ठेवायचा असेल, तर तो अवतरणचिन्हांत ठेवावा म्हणजे तो कोणाचा आहे हे दिसेल. ‘अश्रद्ध’ मी टाळतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रद्धा नसलेला माणूस अज्ञ आणि संशयात्मा यांच्या मध्ये उभा असून तिघांचाही विनाश सांगितला आहे, ती सावली त्या शब्दावर अजून आहे. शिवाय देव न मानणाऱ्याची माणसांवर, न्यायावर किंवा शास्त्रावर श्रद्धा असू शकते. ज्या वाक्यात खरोखर केवळ ईश्वरविषयक मताचाच प्रश्न असेल, तेथे ‘निरीश्वरवादी’ लिहावे, आणि तोच शब्द सलग तीनदा आला तरी बिघडत नाही.