५ उभा सुटला, ९ आडवाही

ताई, अंककोड्यात (शब्दकोड्यासारखंच, पण घरांत अक्षरांऐवजी अंक) तुम्ही अडलात तो ५ उभा ‘चार अंकी, वर्गही आणि घनही’ म्हणजे एखाद्या पूर्ण संख्येचा सहावा घात. चार अंकांत तो एकच: ४०९६. त्यातल्या ६ ने ९ आडवा सुरू होतो. तीन अंकी वर्ग, म्हणजे ६२५ किंवा ६७६. पणजीत पाटोच्या ग्रंथालयात आम्ही सगळे इथेच अडकलो होतो. फोंड्याच्या सरांनी ९ आडव्याच्या शेवटच्या घरातून निघणाऱ्या १० उभ्यावर बोट ठेवलं: दोन अंकी मूळ संख्या, अंकांची बेरीज १३. ५ ने सुरू केली तर ५८, ती सम. ६ ने ६७. म्हणजे ६७६च! काय सुरेख विणलंय! १४ आडवा अजून कोरा आहे. तोही वर्गच, तेव्हा शेवटी २, ३, ७, ८ नकोत. बघा जमतंय का.